नऊ महिन्यांची सल्लासेवा आणि वर्षानंतरचा तिचा हिशेब

जुलै २०२३ ते मार्च २०२४ या काळात भोसरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याने पुण्याच्या एका व्यवस्थापन सल्लागार संस्थेची सेवा घेतली. प्रस्तावाचे शीर्षक ‘व्यवसाय धोरण आणि संघटनात्मक बदल’ असे भारदस्त होते. शुल्क ११ लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १२ लाख ९८ हजार रुपये. चौसष्ट माणसांच्या कारखान्यासाठी ही रक्कम लहान नव्हे. एवढ्यात बऱ्या अवस्थेतील एक वापरलेली सीएनसी लेथ (संगणकावर चालणारे कातकाम यंत्र) आली असती, आणि लेथ निदान डोळ्यांना दिसली तरी असती, असे माझे वडील, ज्यांना कारखान्यात सगळे अण्णा म्हणतात, आजही अधूनमधून ऐकवतात. सेवा संपून वर्ष उलटल्यावर हे परीक्षण लिहीत आहे, कारण अशा सेवेचा गुण निरोपाच्या बैठकीत कळत नाही. संस्थेचे नाव मी देणार नाही. जे दोष पुढे सांगणार आहे ते एका संस्थेपेक्षा या धंद्याच्या पद्धतीचे आहेत, असे माझे मत झाले आहे.

आम्हाला सल्लागाराची गरज का पडली, ते आधी सांगतो. दुचाकीच्या इंजिनात बसणारे व्हॉल्व्ह गाइड आणि रॉकर शाफ्ट ही आमची मुख्य उत्पादने असून उलाढालीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग त्यांच्यावर उभा होता. एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके लागू झाली तेव्हा मापांच्या मर्यादा आवळल्या गेल्या, नवे गेज, म्हणजे माप तपासण्याची साधने, घ्यावे लागले, पण तो बदल आम्हाला समजणारा होता: वस्तू तीच, फक्त अधिक काटेकोर. विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यात व्हॉल्व्हच नसल्यामुळे त्याचा गाइड कितीही अचूक बनवला तरी तो घेणारे कोणी नाही. ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती असे नाही. ठाऊक असूनही रोजच्या डिस्पॅचच्या धबडग्यात तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

पहिल्या बैठकीला संस्थेचे दोन भागीदार आले होते. वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव असलेली, बोलायला आदबशीर आणि प्रश्न नेमके विचारणारी अशी ती माणसे होती. करार झाल्यावर त्यांपैकी एकाचे दर्शन महिन्यातून एकदा आढावा बैठकीत होऊ लागले, दुसऱ्यांचे तर शेवटच्या सादरीकरणालाच झाले. प्रत्यक्ष काम तिघा तरुणांनी केले. त्यांपैकी दोघे व्यवस्थापनाचे पदवीधर होते आणि तिसरा यांत्रिकी अभियंता होता. या तिसऱ्याविषयी पुढे बरेच लिहायचे आहे. प्रस्तावात ६० मनुष्यदिवस लिहिलेले होते, पण त्यांपैकी किती दिवस कारखान्यात आणि किती त्यांच्या कार्यालयात जातील, याचा उल्लेख नव्हता. आम्हीही तो विचारला नाही. मी ठेवलेल्या नोंदीप्रमाणे शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनपाशी, २२ दिवस गेले, बाकीचे अहवालात.

अहवाल ८६ पानांचा होता. पहिली तीसेक पाने वाहन उद्योगाच्या सर्वसाधारण माहितीची होती. त्यानंतर व्यवस्थापनाचे अमेरिकी अभ्यासक मायकेल पोर्टर यांची १९७९ सालची पाच शक्तींची मांडणी आमच्यावर लावलेली होती. ही मांडणी मुळात उपयोगी आहे: एखाद्या धंद्यातील नफा फक्त प्रतिस्पर्ध्यांमुळे घटत नाही, तर ग्राहक, पुरवठादार, नव्याने येणारे आणि पर्यायी वस्तू हे सगळे मिळून तो खातात, हा तिचा गाभा. आमच्या बाबतीत दोन ग्राहकांकडून उलाढालीचे ८० टक्के येतात आणि दर तेच ठरवतात, त्यामुळे या मांडणीतून निघणारे उत्तर एका ओळीत मावणारे होते. अहवालाने त्यासाठी नऊ पाने खर्च केली आणि प्रत्येक शक्तीपुढे ‘मध्यम’, ‘उच्च’ असे शेरे लिहिले. अठ्ठेचाळिसाव्या पानावर ‘शाखा व्यवस्थापकांचे सक्षमीकरण’ अशी शिफारस होती. आमची एकच शेड आहे. शाखा नाही, त्यामुळे व्यवस्थापकही नाही. हे पान दुसऱ्या कोणाच्या तरी अहवालातून चालत आले असावे, हे समजायला फार बुद्धी लागत नाही. विचारल्यावर दिलगिरी व्यक्त झाली आणि सुधारित प्रत आली. तिच्यात शाखेऐवजी ‘विभाग’ असा शब्द होता.

तरीही याच अहवालातील तीन पाने मी आजही कपाटात वेगळी ठेवली आहेत. आमच्याकडे दर कामाचा नफा विक्रीच्या टक्क्यांत काढण्याची जुनी सवय. या तीन पानांत तोच हिशेब मशीनच्या तासाप्रमाणे मांडला होता: विक्रीची किंमत घ्यायची, तीतून कच्चा माल, इन्सर्ट (लेथची बदलती कापणारी टोके) आणि बाहेर करून घेतलेले हीट ट्रीटमेंट व प्लेटिंग वजा करायचे, आणि उरलेल्या रकमेला त्या वस्तूसाठी लेथ जितके तास अडकते त्या तासांनी भागायचे. मशीनचे तास मर्यादित असतात, ऑर्डर नव्हे, हे ज्या कारखान्याला लागू आहे तिथे हाच हिशेब खरा. तो केल्यावर असे दिसले की ज्या हायड्रॉलिक फिटिंगच्या कामाला आम्ही ‘भरतीचे काम’ समजून मशीन रिकामी असेल तेव्हाच घेत होतो, त्या कामातून रॉकर शाफ्टपेक्षा तासाला २३० रुपये जास्त सुटत होते. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, स्वतःच्या वहीतून आकडे ताडून पाहिले आणि काही बोलले नाहीत. अण्णा गप्प बसले म्हणजे त्यांना पटले, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. इंजिनाशी संबंध नसलेल्या कामाकडे, म्हणजे हायड्रॉलिक फिटिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग यांकडे तीन वर्षांत निम्मी उलाढाल वळवायची, हे आमचे धोरण या तीन पानांतून आले, उरलेल्या त्र्याऐंशी पानांतून नव्हे. आणि ही तीन पाने त्या यांत्रिकी अभियंत्याने आठ दिवस लेथपाशी घड्याळ घेऊन उभे राहून तयार केली होती.

धोरणानंतर रचनेची पाळी आली. अमेरिकी उद्योगेतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी ड्यू पाँ, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल आणि सीअर्स या कंपन्यांचा अभ्यास करून १९६२ मध्ये मांडलेले सूत्र व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात शिकवले जाते: आधी धोरण, मग त्याला साजेशी रचना. आमच्या सल्लागारांनी ते सादरीकरणात लिहिले होते, पण रचनेचा तक्ता धोरण ठरण्याच्या दीड महिना आधीच भिंतीवर लागला. त्यात चौदा चौकटी होत्या. त्या भरायला आमच्याकडे पाच माणसे होती, त्यामुळे माझे नाव चार चौकटींत आणि आमच्या क्वालिटीच्या मॅडमचे तीन चौकटींत पडले. मॅडमनी शांतपणे विचारले, “मग माझा रिपोर्ट मी मलाच द्यायचा का?” यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

संघटनात्मक बदलाचा भाग म्हणजे या सेवेचा खरा कस होता आणि तिथे मला सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगले असे दोन्ही अनुभव आले. संस्थेची कार्यपद्धती हार्वर्डच्या जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्यांवर बेतलेली होती. कॉटर यांनी ती मांडणी १९९५ मध्ये केली. बदलाची निकड निर्माण करणे ही तिची पहिली पायरी, आणि त्यानंतर बदल पुढे नेणारा गट बांधणे, दिशा ठरवणे, ती सर्वांपर्यंत पोहोचवणे, अडथळे काढणे, लहान यश लवकर दाखवणे, वेग टिकवणे आणि शेवटी नव्या पद्धती अंगवळणी पाडणे असा क्रम. कागदावर यात चूक काढण्यासारखे फारसे नाही. पण ही निकड पटवायची कोणाला? ती मला आणि अण्णांना पटायला हवी होती, कारण टाळाटाळ आमची चालली होती. सल्लागारांनी ती कामगारांना पटवायला घेतली. सप्टेंबरमध्ये शेडच्या दारावर एक मोठा फलक लागला, त्यावर एका बाजूला कोडॅक, दुसऱ्या बाजूला नोकिया अशा काळाबरोबर न बदलल्याने मागे पडलेल्या कंपन्या आणि मध्ये ‘बदला, नाहीतर संपा’ असे लाल अक्षरांत. आमच्या ऑपरेटरांनी त्याचा सरळ अर्थ लावला: कंपनी बुडणार आहे. भोसरीत सीएनसी ऑपरेटरला दुसरी नोकरी शोधायला फार लांब जावे लागत नाही, रस्ता ओलांडला तरी पुरते. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर आमचे दोन चांगले ऑपरेटर सोडून गेले. फलक उतरवला, पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

कोडॅकचे उदाहरण चुकीचे होते असे मी म्हणत नाही. डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये स्वतःच्याच प्रयोगशाळेत तयार होऊनही जी कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली, तिच्या कथेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु भोसरीतल्या माणसापुढे बोलताना न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरपर्यंत जाण्याचे कारण काय? बजाज ऑटोचे आकुर्डी आमच्यापासून काही किलोमीटरवर आहे. बजाज ऑटोने १९७२ पासून चेतक स्कूटर बनवली, २००१ मध्ये पल्सर आणून मोटारसायकलीकडे मोर्चा वळवला, २००९ च्या अखेरीस स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २०२० मध्ये तेच चेतक नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देऊन बाजारात आणले. या चार घटनांत काय धरावे, काय सोडावे, केव्हा सोडावे आणि सोडलेले पुन्हा केव्हा उचलावे, हे सगळे प्रश्न येतात. आमच्या शेडमधील निम्म्या लोकांनी लहानपणी चेतकवर वडिलांपुढे उभे राहून प्रवास केलेला आहे. ही गोष्ट त्यांना अर्ध्या तासात समजली असती आणि कोणी घाबरलेही नसते.

दुसरी चूक अधिक महाग पडली असती. दुसऱ्या पाळीची वेळ दोन तासांनी पुढे ढकलावी अशी त्यांची शिफारस होती. दिवसाचा वीजदर आणि मालवाहतुकीच्या वेळा पाहता ती तर्काला धरून होती. येत्या सोमवारपासून अंमल करा, असे आढावा बैठकीत ठरलेही. आमच्या कामगार कायद्याच्या सल्लागारांनी ते ऐकून फोनवरच थांबवले. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९-अ नुसार कामाच्या वेळा किंवा पाळ्या अशा बाबींत बदल करायचा तर कामगारांना २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. बदल व्यवस्थापनाची सेवा विकणाऱ्या संस्थेला ‘बदलाची सूचना’ हा शब्दप्रयोग कायद्याच्या अर्थाने माहीत नसावा, याचे मला नवल वाटले. आम्ही रीतसर सूचना लावली. त्या एकवीस दिवसांत लोकांनी येऊन सांगितले की त्या नव्या वेळेला चाकणकडे जाणारी बस मिळत नाही. मग दोनऐवजी एक तासाचा फरक ठरला आणि तो आजही सुरळीत चालू आहे. कायद्याने लादलेली वाट पाहण्याची मुदत हीच आमच्याकडे बदल पचण्याची मुदत ठरली.

आता त्या यांत्रिकी अभियंत्याविषयी. त्याच्याकडे सेटिंगचा वेळ कमी करण्याचे काम होते. एक काम संपवून दुसरे लावताना लेथ सरासरी ९५ मिनिटे उभी राहत होती. जपानचे शिगेओ शिंगो यांनी यासाठी दिलेली पद्धत सोपी आहे: मशीन थांबल्याशिवाय होऊच शकत नाहीत अशी कामे एकीकडे काढायची, मशीन चालू असताना उरकता येतील अशी दुसरीकडे, आणि दुसऱ्या प्रकारातील सगळे आधीच करून ठेवायचे. हे सांगायला वर्ग घेणारे पुष्कळ आहेत. या मुलाने वर्ग घेतला नाही. तो आमच्या सर्वांत जुन्या सेटरपाशी, म्हणजे मशीनवर काम लावून देणाऱ्या कारागिरापाशी, जाऊन बसला. त्यांना सगळे मामा म्हणतात. एकतीस वर्षे झाली ते आमच्याकडे आहेत. पहिले दोन दिवस मामांनी त्याला चहा पाजला आणि एक अक्षर सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, “मामा, दुपारी तुम्ही ऑफसेट बदलता तो कशाला बघून?” (ऑफसेट म्हणजे माप जुळवण्यासाठी मशीनला दिलेली दुरुस्ती.) तेव्हा मामांनी खिशातून रबर लावलेली एक छोटी डायरी काढली.

त्या डायरीत काय होते हे मलाही तोपर्यंत माहीत नव्हते, आणि मालक म्हणवून घेणाऱ्याला ही गोष्ट लिहिताना थोडी लाज वाटते. प्रत्येक मशीनला दोन पाने होती. ‘नं. ४, दुपारी तीननंतर ८ मायक्रॉन मागे.’ ‘नं. ७, सुट्टीनंतर पहिले पाच पीस टाकून द्या.’ ‘पातळ शाफ्टला जुने जॉज, नवे घासतात.’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जॉज म्हणजे वस्तू पकडून ठेवणारे जबडे.) छताचे पत्रे तापले की शेडचे आणि मशीनचे तापमान किती चढते आणि त्याने माप किती सरकते, हे सारे तेलकट बोटांचे ठसे उमटलेल्या त्या पानांवर पेन्सिलने लिहिलेले होते. अभियंत्याने ती डायरी मागून घेतली नाही. मामांच्या शेजारी बसून, त्यांना विचारत, पान पान उतरवून घेतले. त्यावरून प्रत्येक कामासाठी एक सेटिंग कार्ड तयार झाले, जॉज आणि इन्सर्ट आधीच ट्रॉलीवर मांडून ठेवण्याची पद्धत पडली, आणि चार महिन्यांत ९५ मिनिटांची ४० मिनिटे झाली. ट्रॉलीची मांडणी मामांनी स्वतः ठरवली, म्हणून दुसरे सेटर ती मोडत नाहीत.

याच्या अगदी उलट प्रकार टॅबलेटचा झाला. मशीन का थांबली याचे कारण ऑपरेटरने टॅबलेटवर निवडावे आणि त्यावरून यंत्राच्या एकूण परिणामकारकतेचा आकडा आपोआप निघावा, अशी योजना होती. आकड्याचे गणित सरळ असते: उपलब्धता ८० टक्के, वेग ८५ टक्के, दर्जा ९८ टक्के असेल तर तिन्हींचा गुणाकार ६६.६ टक्के. पण कारणांची यादी संस्थेच्या कार्यालयात बसून तयार झालेली होती. ‘क्रेन मोकळी नाही’, ‘चिप्स अडकल्या’, ‘गेज दुसऱ्या मशीनवर आहे’ ही आमच्याकडची रोजची कारणे तिच्यात नव्हती. परिणामी निम्म्याहून अधिक नोंदी ‘इतर’ या एकाच पर्यायावर आल्या, आणि महिन्याच्या बैठकीत पडद्यावर रंगीत गोलाचा मोठा अर्धा भाग ‘इतर’ म्हणून झळकू लागला. मार्चनंतर टॅबलेट कपाटात गेले. पैकी एक सध्या गेटवर पाहुण्यांची नोंद करण्यासाठी वापरतात.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाच्या तीन अवस्था सांगितल्या: जुने वितळवणे, हलवणे, नवे पुन्हा गोठवणे. या सेवेची पहिल्या दोन अवस्थांपर्यंतची किंमत आम्ही मोजली. तिसरी अवस्था येते तेव्हा करार संपलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस लागतो. वर्षानंतरची स्थिती अशी आहे: सेटिंग कार्ड चालू, पाळीची नवी वेळ चालू, तासाप्रमाणे नफ्याचा हिशेब दर तिमाहीला होतो, इंजिनाबाहेरचे काम उलाढालीच्या २५ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले आहे. चौदा चौकटींचा तक्ता, टॅबलेट आणि सकाळची दहा मिनिटांची उभी बैठक यांपैकी काहीच टिकले नाही. उभ्या बैठकीचे मला वाईट वाटते. ती चांगली होती, पण मी स्वतः सलग तीन आठवडे गैरहजर राहिलो आणि मग ती कोणीच भरवली नाही.

ज्यांचा कारखाना आमच्याएवढा आहे त्यांना ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे: घ्यावी, पण ६० ऐवजी ३० मनुष्यदिवसांचा करार करावा, ते सर्व दिवस शॉप फ्लोअरवरचे असावेत, अहवाल दहा पानांवर जाऊ नये, आणि कोण माणूस येणार ते नावानिशी करारात लिहून घ्यावे. शुल्काचा शेवटचा हप्ता काम संपल्यावर सहा महिन्यांनी द्यायचा, ही अटही घालावी. आम्हाला ती सुचली नाही. ज्यांचे उद्दिष्ट फक्त सेटिंग, रिजेक्शन आणि मांडणी सुधारणे एवढेच आहे, त्यांनी केंद्र सरकारची सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीची लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची) योजना आधी पाहावी. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सल्लागाराच्या अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलते. आमच्या सेवेच्या तीन-चार महिने आधीच ती सुरू झाली होती, आणि आमच्या सल्लागारांनी तिचा उल्लेख एकदाही केला नाही, यामागचे कारण समजू शकते.

एप्रिलमध्ये संस्थेकडून वार्षिक करारासाठी नवा प्रस्ताव आला. पथकाच्या पानावर चार नावे होती, त्यांत त्या अभियंत्याचे नाव नव्हते. फोन केला तेव्हा कळले की तो संस्था सोडून गेला आहे. प्रस्ताव टेबलाच्या खणात आहे. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी जेवणानंतर आमचा एक शिकाऊ मुलगा त्यांच्या शेजारी बसून डायरीची उरलेली पाने उतरवून घेतो. मामांनी त्याला परवा सात नंबरच्या पानावर खाडाखोड करायला लावली, कारण शेडला नवे पत्रे बसल्यापासून ती मशीन पाच नव्हे, दोनच पीस खाते.